राजाबाईंचे पाणी इतिहासात घेण्याबाबत

प्रति,
मा. कुलसचिव महोदय,
वसुंधरा विद्यापीठ, देवास (म. प्र.)

विषय : स्थापनेच्या इतिहासात दुरुस्ती करून श्रीमती राजाबाई यांना झाडांना पाणी घालण्याच्या कामावर परत घेणेबाबत.

संदर्भ : सदर काम बंद करण्याचा आपला आदेश, दि. २१ एप्रिल २००३.

महोदय,

१. अर्जदार शरद किंजवडेकर, वय ७१, येथील कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त, पस्तीस वर्षे हौसेने कीर्तन करीत आला आहे. दक्षिणेसाठी तो कोणाच्या दारी उभा राहिलेला नाही. आज आपल्या दारी कबुली द्यायला उभा आहे.

२. खरा इतिहास असा. सन २००० च्या जानेवारीत कै. भैयासाहेबांनी उजाड, मुरमाड माळावर हे विद्यापीठ काढले. मुलांना पर्यावरण शिकवायचे तर आधी बसायला सावली हवी, असे त्यांचे म्हणणे. त्याच पावसाळ्यात मनावर गावाहून टेम्पोने कडुनिंबाची एकसष्ट रोपे आली. पहिले रोप भैयासाहेबांनी लावले, तांब्याभर पाणी घातले, फोटो निघाला. माणूस देवमाणूस, पण ऊन सोसत नसे. उरलेली साठ रोपे तिरल्याहून मजुरीला आलेल्या राजाबाईंनी लावली, आणि तेव्हापासून एकसष्टांनाही पाणी त्याच घालीत आल्या, खालच्या विहिरीवरून, डोक्यावर घागर वाहून. ज्या देवासने पिण्याचे पाणी रेल्वेने आलेले पाहिले, तिथे हे काय काम आहे ते आपणांस सांगणे नलगे.

३. जानेवारी २००२ च्या स्थापनादिनी आपण अर्जदारास कीर्तन करावयास सांगितले. पूर्वरंगात भूतदया झाली, उत्तररंगात भैयासाहेबांचे आख्यान लावले. सभामंडप गच्च भरलेला पाहून अर्जदाराच्या अंगात आले. रोपे तेव्हा गुडघ्याएवढी होती, अर्जदाराने त्यांवर कोकिळा बसवल्या. साकीच्या चरणात राजाबाईंची घागर काही केल्या बसेना. तेव्हा ती काढून टाकली, आणि "भैयासाहेबांच्या पुण्याईने रोपे पाण्यावाचून वाढली" असे गाऊन मोकळा झाला. माना डोलल्या. कीर्तनात थोर माणूस थोडा आणखी थोर करावा लागतो, आणि ऐकणाऱ्यांना ते ठाऊक असते.

४. आपल्या कार्यालयास ते ठाऊक नव्हते. कॅसेट ऐकून आख्यान जसेच्या तसे टंकलिखित झाले, शिक्का बसला, आणि विद्यापीठाचा अधिकृत इतिहास म्हणून छापले गेले. पुढे 'पर्यावरण शिक्षण' या सक्तीच्या विषयाचे पहिले प्रकरण तेच झाले : 'निर्जल वनीकरण'. कु. अवंती या विद्यार्थिनीने उत्तरात लिहिले, "झाडांना राजाबाई पाणी घालतात, मी रोज वर्गाच्या खिडकीतून पाहते." तिला शून्य गुण व शेरा मिळाला : "पुराव्याअभावी." शेरा लिहिला गेला तेव्हाही राजाबाई त्याच खिडकीखालून घागर घेऊन जात होत्या.

५. गेल्या मार्चमध्ये पाहणी समिती आली, इतिहास वाचून प्रसन्न झाली, आणि बाहेर पडताना तिने सहज विचारले, की पाण्यावाचून वाढणाऱ्या झाडांपाशी ही बाई काय करते आहे? म्हणून वरील आदेश निघाला, की सदर काम "विद्यापीठाच्या इतिहासाशी विसंगत" आहे.

६. अर्जदार आस्थापना शाखेत गेला. तेथील लिपिक फत्तेसिंगजी म्हणाले, "काका, रिकार्ड में तो पानी है ई नी. अब मैं बाई को किस काम पे रखूँ?" अर्जदार म्हणाला, "अहो भिया, ते मीच गायलो होतो!" त्यावर ते म्हणाले, "तो वापस गा दो, काका. पर स्थापना-दिवस अब जनवरी में आएगा."

७. तिथून अर्जदार राजाबाईंची क्षमा मागायला गेला. त्या रागावल्या असत्या तर बरे झाले असते. म्हणाल्या, "दादा, तमने भोत मीठो गायो थो. हूँ बी रोई थी. पण झाड़ होण ने तो नी सुण्यो." झाडांनी काही कीर्तन ऐकलेले नाही, असा त्याचा अर्थ. पस्तीस वर्षांत इतका नेमका अभिप्राय अर्जदारास मिळालेला नाही.

८. तरी प्रार्थना, की इतिहासात राजाबाईंच्या नावाची एक ओळ घालावी, त्यांना तातडीने कामावर घ्यावे, आणि खोटे बोलल्याचा दोष एकट्या अर्जदारावर ठेवावा. पुढील कीर्तनाची बिदागी, नारळ, हार काही नको. आपले घराणे जुने दरबारी, म्हणून अर्ज मराठीत केला आहे. कार्यालयासाठी हिंदी प्रत सोबत आहे.

९. आदेश निघाल्यापासून अर्जदार स्वतः पाणी वाहतो आहे. गुडघ्यांमुळे दिवसाला नऊ झाडांपलीकडे मजल जात नाही. आता पाने पिवळी पडू लागली आहेत आणि मे महिना पुरता उरला आहे. आपणांकडून काही होणे नसेल, तर निदान बावन्न झाडे कोणती वाळू द्यायची, त्यांची यादी आपल्या पर्यावरण विभागाकडून सहीशिक्क्यानिशी करून द्यावी. अर्जदाराच्याने ती होत नाही.

आपला दोषी व विनम्र,
शरद किंजवडेकर
देवास, दि. ५ मे २००३

सोबत : (१) हिंदी प्रत, कु. अवंतीने करून दिलेली. (२) कीर्तनाची कॅसेट.