व्हीलवरची तारीख

१२ ऑक्टोबर २०२५, रविवार
हे गेल्यावर चार महिन्यांनी आज ह्यांची वेल्डिंगची शेड उघडली. झाडून काढली. आपल्या घरच्या गेटचा एक पल्ला ह्यांनी पूर्ण करून ठेवलाय. दुसऱ्याचे सात गज कापायचे राहिलेत, तसेच भिंतीला टेकून. गोकुळभाऊजी आले होते. "वहिनी, रेडीमेड गेट आणून टाकू. बाईमाणसाचं काम हाये का हे?"
अर्धं ह्यांच्या हातचं आणि अर्धं दुकानातलं — मला नाही चालायचं. इतकी वर्षं पाइप कोण धरत होतं?

१३ ऑक्टोबर
गावातूनच ग्राइंडरला लावायचं एक स्वस्तातलं कटिंग व्हील, लोखंड कापायची चकती, आणलं. पहिला गज निम्मा कापला आणि फुटलं! तुकडा चष्म्यावर आला. ह्यांचा कामाचा चष्मा घातला होता म्हणून डोळा वाचला. कुणाला सांगितलं नाही.

१४ ऑक्टोबर
पेटीच्या तळाशी पेपरात गुंडाळलेली दहा चांगली व्हीलं सापडली. "ही आपल्या गेटले," म्हणायचे. लोकांच्या कामाला कधी काढली नाहीत. भोकाभोवतीच्या पत्र्याच्या कडीवर तारीख पाहिली — मार्चमध्येच मुदत संपली! जुनं व्हील आतून कमजोर होतं, लावायचं नाही, हे ह्यांनीच शिकवलेलं. इतकी जपून ठेवली, आणि —

नवं व्हील लावायच्या आधी ह्यांची हाक ठरलेली. "मंजू, वाच बरं. मले बारीक दिसत नाही." मी कणकेच्या हातांनी यायचे. मुदत वाचायचे — सहावा महिना, सत्तावीस. "हाव, चालते." मग उगाच दोन मिनिटं थांबवून ठेवायचे. "भाजी काय? पुन्हा वांगे? काय गुन्हा केला मी?" मी चिडायचे. तवा तापलेला असायचा.

१६ ऑक्टोबर
एसटीनं बुलढाण्याला गेले. शकीलभाईंचं हार्डवेअर. हे तिथूनच माल घ्यायचे.
"वहिनी, पातळ व्हील झपाट्यानं कापते, पण हात वाकडा झाला की तुटते. तुमी जाड घ्या, आतून डबल जाळीचं. टाइम लागन, पण टिकन. अन् दाबू नका. त्याचं त्याले कापू द्या."
पाच घेतली. तारीख मी वाचून पाहिली. म्हटलं, सवय आहे, ह्यांना बारीक दिसायचं नाही.
शकीलभाई हसले. "भाऊले? भाऊ तर इथं उभ्या-उभ्या, बिनचष्म्याचे, एकेक तारीख वाचून घेत! मह्याच चुका काढत."
परतीच्या गाडीत खिडकीकडे तोंड करून बसले.

१७ ऑक्टोबर
कणीक अर्धी मळून शेडमध्ये आले. एकटीच. नवं व्हील हातात घेतलं आणि मोठ्यानं वाचलं — आठवा महिना, अठ्ठावीस. जरा थांबले. आज वांगीच आहेत, म्हटलं. मग व्हील बसवलं आणि पहिला गज पुरा कापला.