होडीवरचं फायबर

बाबा, आपल्या होडीला जुन्या दगडी धक्क्यावरून काढायचं ठरलंय. धक्का आता वारसा झालाय, आणि तिथे कुठल्या होड्या राहाव्यात हे ठरवायला समिती नेमली आहे. गंमत बघा, बंदरावरची शिकलेली बाई म्हणून त्या समितीत मीही आहे. फक्त पारंपरिक लाकडी होड्यांनाच जागा, हा नियम मांडला तेव्हा सगळ्यांच्या आधी माझाच हात वर. म्हटलं, आता आपलीला कोण हलवतंय! फायबरचं डोक्यातच आलं नाही. घरात आपण तिला अजून लाकडीच म्हणतो ना.

तुमच्यामागे फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठासणारा माणूस बंदरावर उरला नाही. होडी पाणी घ्यायला लागली, म्हणून भावाने बाहेरून फायबर चढवलं. "प्लास्टिकाला मी कुंकू लावायची नाय," म्हणून आई अडून बसली, तेव्हा पुढच्या टोकाला, नाळेवर, तळहाताएवढी जागा उघडी ठेवली. नारळी पौर्णिमेला कुंकू तिथेच लागतं. तुम्ही असतात तर दोघांनाही झापलं असतंत. लहानपणी मी एकदा वाळूवर ओढलेल्या होडीत चिंचा खात बसले होते, तर केवढ्याने खेकसलात, "उठ गो, आधी पाणी मार तिला! सुकली तर सांधे उघडतील." मग मी कळशी ओततेय, फळ्या पाणी पितायत आणि तुम्ही त्यांवरून हात फिरवताय. तुमचा राग कुठच्या कुठे गेलाय.

ती उघडी जागा मी समितीला दाखवली. आत उतरून फळ्यांना हात तरी लावा म्हटलं. अध्यक्ष सभ्यपणे म्हणाले, "मॅडम, लाकूड बाहेरून दिसायला हवं." एका हॉटेलची नवी होडी मात्र पास झाली. नक्षीची नाळ, शोभेचं शीड, आणि जाळं तिने जन्मात पाहिलेलं नाही. मी भांडले, विनवण्या केल्या, शेवटी सगळ्यांसमोर रडले. मला लाजसुद्धा वाटली नाही. नव्या जेट्टीवर ट्रॉलरांच्या रेट्यात आपली होडी एक पावसाळासुद्धा काढायची नाही. समितीने होडी हलवायला आठवड्याची मुदत दिली आहे.

आज सकाळी भाऊ पटाशी घेऊन बसला. "ताय, सोलूनच काढतो. लाकूड बगायचाय ना त्यांना? बगूंदे." फायबरबरोबर फळीच्या ढलप्याही निघायला लागल्या. खालचं लाकूड मऊ पडलंय, बोट रुततं. मी म्हटलं, "अरे, पाणी घेईल ती." तो मान वर न करता म्हणाला, "मग उपसू." रोज उपसायचं? आणि किती वर्षं? काय करू मी, बाबा? कुणाच्या पाया पडू?

हे लिहून तरी कुठे टाकणार म्हणा. तुम्ही असतात तर त्याच्या हातातली पटाशी हिसकावून घेतली असतीत. मी दुसरी पटाशी घेतली आणि पलीकडच्या बाजूने सोलायला बसले. चूक आहे हे मला कळतंय. पण मला ती धक्क्यालाच लागलेली हवी आहे, बाबा, बुडाली तरी.