बुटातले वाटाणे

मुलांच्या बाबास,

काळे बूट तुझ्या नव्या घरी कुरिअरने पाठवावेत, असा तुझा निरोप मिळाला. म्हणून काल कपाट उघडलं. बूट जागेवर नव्हते. बाथरूमपासून गॅलरीपर्यंत चिखलाची वाट गेली होती, तिच्या टोकाला सापडले. मुलांनी त्यांत माती भरून वाटाणे पेरलेत. कोंब बोटभर वर आलेत. डावा बूट धाकटीचा, उजवा थोरल्याचा.

मी हात उगारला होता. "बुटातच का?" विचारलं, तर थोरला म्हणाला, "कुंडीत तुझं झाड आहे ना. उपटलं की ओरडतेस."

धाकटी म्हणाली, "हळू बोला, ते आत्ताच उठलेत."

मला हसू फुटलं. तू गेल्यापासूनचं पहिलंच; त्याबद्दल जास्त लिहीत नाही. मग तिघांनी मिळून फरशी पुसली, म्हणजे चिखल सगळीकडे सारखा पसरवला.

एका कोंबाने आता लेसचा आधार घेतलाय. तेव्हा बूट पाठवणं जमणार नाही.

हे पत्रही टाकणार नाही. टाकलं, तर तू नवे बूट घेशील. नाही टाकलं, तर हेच न्यायला तुला यावं लागेल.

— दोन माळ्यांची आई