नवव्या पुस्तकाची वाटणी

मी, शोभाबाई सखाराम बोरसे, वय चौऱ्याहत्तर, मूळची अमळनेरकडची, हल्ली राहणार लिंबायत, सुरत, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहिते. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला त्यांची गरज नाही. शाळा तिसरीपर्यंत, तरी अक्षर माझंच. वकील गुजरातीत टाईप करणार होते. मला वाचता येत नाही त्यावर मी सही करत नाही.

१. खोली मुलगा ललित याला. त्याच्या बापाने कडोदऱ्याला कापडाच्या लूमवर कान बहिरे करून ती घेतली, हे त्याने पंख्याखाली झोपताना लक्षात ठेवावं.

२. पितळी घंगाळ जाऊ कमल हिच्याकडे आहे. पोरीच्या लग्नाला दोन दिवसांसाठी नेलं. त्या पोरीला आता सून आली. घंगाळ कमललाच दिलं. फक्त माझ्या तेराव्याला तिने ते घेऊन यावं, सगळ्यांना दिसेल असं.

३. आता पुस्तकं. घरात डोकेफोड यावरूनच चालली आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

अठवालाईन्सच्या बंगल्यात मी ठाकोरसाहेबांचा स्वयंपाक एकोणतीस वर्षं केला. माणूस संस्थानिकाच्या घरातला, सात देशांत राजदूत. तिकडे परक्यांची भांडणं मिटवली, इकडे सख्ख्या भावाशी मरेपर्यंत बोलले नाहीत. आई बडोद्याची, मराठी चांगलं, पण तोंडाने काही सांगतील तर शपथ. चिठ्ठी यायची: ‘आमटीत मीठ किंचित अधिक असतं, तर आनंद वाटला असता.’ एका चिमटीसाठी एवढं! घरभर जुनी दुर्मिळ पुस्तकं. वाचणं कमी, पुसणं जास्त, आणि पुसायला मी.

त्यातल्या नऊ पुस्तकांची पानं कडेला जोडलेली होती. मला वाटलं, छापखान्यात काम राहून गेलं. बंगल्यावर लागण्याआधी मी घरी साड्यांचं धागा कटिंग करायची. सुटा धागा दिसला की हात राहत नाही. एका दुपारी त्याच कातरीने एक पुस्तक मोकळं केलं. एकही पान फाटलं नाही. साहेबांनी पाहिलं आणि चिठ्ठी विसरून ओरडले. “अडाणी बाई! कापलेलं नव्हतं म्हणूनच त्याला मोल होतं!”

चार दिवस ताट नेलं तसं परत आणलं. पाचव्या दिवशी चिठ्ठी: ‘हे पुस्तक मी चाळीस वर्षांपूर्वी लिस्बनला घेतलं. काल प्रथमच वाचलं. चांगलं आहे. उरलेलीही कापावीत.’ ‘अडाणी’ म्हटल्याबद्दल एक अक्षर नाही. राजदूत म्हणे!

आठ झाली. नववं त्यांनी माझ्या हातात ठेवलं. “हे बंद राहू द्या शोभाबाई, अडचणीत विकायला होईल.” ते गेल्यावर भाच्याने बाकीची ट्रकने दिल्लीला नेली आणि कापलेली आठ ‘बिघडलेली’ म्हणून माझ्याकडे टाकली.

नववं मराठी आहे, कुणा बाईच्या प्रवासाचं. मला वाचता येईल असं नवांत ते एकच, आणि तेच बंद. पंधरा वर्षं कडुलिंबाच्या पाल्यात सांभाळलं.

आता जुन्या पुस्तकांचा व्यापारी भाईदास तीनदा येऊन गेला. ललित म्हणतो, “माय, इकी टाक ना! मी टेम्पो लिसू.” विकून त्याला टेम्पो घ्यायचाय. नात गायत्री कॉलेजात शिकते. ती म्हणते, “आजी, ते विकलंस तर मी या घरात राहणार नाही.” बापलेक दोन महिने बोलत नाहीत. सून दिपाली इकडचे निरोप तिकडे नेते. एका राजदूताची चाकरी केली तेवढी पुरे. घरात न बोलणारे आणखी दोन नकोत.

४. म्हणून काल दुपारी मी नववंही कापलं. आता ते विकण्यासारखं राहिलं नाही. नऊही पुस्तकं आणि कातर गायत्रीला. तिच्या लग्नासाठी राखलेल्या माझ्या सोन्याच्या चार बांगड्या ललितला, टेम्पोसाठी. अट एकच: बांगड्या मिळण्याआधी गायत्रीने नववं पुस्तक बापासमोर बसून मोठ्याने वाचावं, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. त्याने मध्ये उठू नये.

माझी सतरा पानं झाली. त्या बाईला बोटीत उलट्या होताहेत. ती उतरते कुठे ते कळल्याशिवाय मी जाणार नाही, तेव्हा कोणी घाई करू नये.

साक्षीदार:
१. मालतीबाई, शेजारीण
२. भाईदास, पुस्तकांचे व्यापारी (वाचून “बा, आ शुं कर्युं!” म्हणजे ‘हे काय केलंत!’ म्हणाले, मग सही केली)

सही: शोभाबाई सखाराम बोरसे
सुरत, ९ फेब्रुवारी २०२५