काकांना प्रश्न विचारणारी बाई

चि. भाचीबाईस मावशीचा आशीर्वाद,

आशीर्वाद देतेय खरा, पण आधी तुझा कान धरायला हवा. कुणी सांगितलं होतं गं तुला इतका चांगला प्रश्न लिहायला? (घसा बरा असेलच. नसला तर गरम पाणी पी.)

आपलं ठरलं काय होतं? तुझे काका ज्या सॉफ्टवेअरचं बघतात ते एका प्रोग्रामचा निरोप दुसऱ्याला पोचवतं म्हणे, आणि ते वापरणाऱ्यांचं अडलं की हे आतल्या खोलीत बसून दिवसभर त्यांना लेखी उत्तरं देतात. मी काही विचारलं की नुसतं "हं". सिंकचा नळ तीन महिने गळतोय, त्यालाही "हं". म्हणून म्हटलं, एका खोट्या बाईच्या नावाने विचारून बघू, परक्यांशी हा माणूस बोलतो तरी कसा.

तू विचारलंस, एकच निरोप दोनदा येतो, काय करू? (माझा शंभरदा दिलेला एकदाही पोचत नाही, ते सोड.) दीड पान उत्तर आलं, बाई! सुरुवातीलाच, "तुम्हाला त्रास झाला, वाईट वाटलं." मला बाळंतपणात नाही म्हणाले असं.

तेही गिळलं असतं. पण काल जेवताना आपणहून तोंड उघडलं. "एक नवी बाई आलीय. आधी काय केलं, मग काय झालं, सगळं नीट सांगते. काही लोक नुसतं 'बिघडलंय, बिघडलंय' ओरडतात." आणि बघितलं कुणाकडे? माझ्याकडे! बाई खोटी, पण माझं पोट खरंच दुखतंय.

तेव्हा हाकल तिला. शुक्रवारपर्यंत 'अडचण सुटली की नाही' हे कळवलं नाही, तर प्रश्न बंद करायची त्यांची रीत आहे. तू गप्प बस, आपोआप मिटेल.

तुझी मावशी

ता. क. – बाईचं उत्तर नाही म्हणून सकाळपासून तोंड एवढंसं झालंय. आत्ता स्वयंपाकघरात येऊन मलाच विचारलं, "लोक असे मध्येच का गप्प होतात गं?" अर्धा तास बोलत बसलो. किती वर्षांनी, ते विचारू नकोस.

आणखी ता. क. – बाईला राहू दे. अजून अडलंय म्हणून लिही. पण या खेपेला गचाळ लिही, तिची अक्कल बेताची दिसली पाहिजे. चार पोरांची आई आहे असंही घाल कुठेतरी. काय लिहितेस ते गुरुवारच्या आत मला कळव, शुक्रवारी तिला बंद करतील.