संगमाखालची रेती

संगमाजवळून,
१२ मार्च

चि. दिव्यानी हिला अनेक आशीर्वाद.

तुझे आईबाबा बरे असतील. वरोऱ्यात ऊन तापलं असेल. इथली रेती तर सकाळीच पायाला चटके देते. परवा तू फोन केलास तेव्हा रेंज गेली असं मी सांगितलं. रेंज होती. भूपेशचं स्थळ आलंय, होकार देऊ का, असं तू विचारलंस आणि या सासऱ्याची जीभच उचलेना. म्हणून पत्र लिहितोय. त्या विषयावर येतो, जरा दम धर.

आधी यंत्राचं सांगतो. भद्रावतीच्या कॉलनीत सगळे म्हणतात, वामनरावांना रिटायर झाल्यावर खूळ लागलं, धातू शोधायचं यंत्र घेऊन परक्या गावात नदीवर पडून असतात. म्हणू देत. नवशिक्याला सगळंच घबाड वाटतं. यंत्र वाजलं की मी गुडघ्यावर बसून उकरायला लागतो. निघतं काय, तर बाटलीचं झाकण, डोंग्याचा खिळा, जाळ्याचं शिसं. कधी कोणी नदीला वाहिलेलं नाणं निघतं, ते तिथेच ठेवतो. पोलिसांनी एकदा अडवलं. या नक्षलग्रस्त भागात असलं यंत्र घेऊन फिरणारा म्हातारा दिसला तर कोणीही अडवेल. छंद आहे, म्हणालो. तुलाही तेच सांगितलं होतं.

कसला छंद? आदेश पुरात वाहून गेला, मोटारसायकल सापडली, माझा पोरगा सापडला नाही. आपली वर्धा इथे वैनगंगेला मिळते, म्हणजे वरून वाहत आलेलं इथेच कुठेतरी रेतीत अडकणार, असं मी धरून चाललो. त्याच्या हातात स्टीलचं कडं होतं. ते मिळालं तरच तो गेला असं म्हणेन, असं मी ठरवलं. मी म्हणत नाही तोवर तूही अडकलेली, हे काय मला कळत नव्हतं? तरी रोज निघायचो. घरात बसवत नाही गं. जेवताना ताटावरसुद्धा बसवत नाही.

सोमवारी जुन्या घाटाजवळ यंत्र खणखणीत वाजलं. फडक्यात बांधलेली चांदीची जोडवी निघाली. मी खुशीत घरमालकाला दाखवायला गेलो. इस्तारी त्याचं नाव, मासेमारी करतो. त्याचा चेहराच उतरला. तो मला शेजारच्या इंदिराबाईंकडे घेऊन गेला.

जोडवी त्यांची होती. नदीने नेलेला माणूस मिळालाच नाही, तर पूर ओसरल्यावर त्याच्या बायकोची जोडवी काठावर पुरायची, अशी या गावातल्या मासेमार ढिवरांची रीत आहे. पुरली की बाई मोकळी. त्या जागेला कोणी हात लावत नाही. मला नवख्याला काय माहीत? मी हात जोडले. बाई रागावल्या नाहीत. कोणी पुरली होती, एवढंच मी विचारलं.

“माया सासऱ्यानं,” त्या म्हणाल्या. “सासऱ्यालेच पुराव लागते, भाऊ. त्यानं पोराले सोडल्याबिगर सून कशी सुटन?”

पुढे त्यांचा दुसरा संसार झाला. आता अंगणात नातवंडं खेळतात. मी जोडवी परत नेली, होती तिथे पुरली आणि तिथेच बसून रडलो. आदेश गेला तेव्हा रडलो नव्हतो.

त्याचं म्हणून माझ्याकडे तूच उरली होतीस, दिव्यानी. म्हणून तुला धरून बसलो होतो.

आदेश गेला. हे पहिल्यांदाच लिहितोय. यंत्र काही विकणार नाही. उद्याही पाय रेतीकडेच वळतील, ती खोड माझी मला राहू दे. भूपेशला हो म्हण. परवानगी मागायला त्याला माझ्याकडे पाठवू नकोस, तेवढं मला झेपणार नाही. लग्नाला मात्र येईन. मुलीकडच्या माणसांत माझी जागा धरून ठेव.

तुझा बाप,
वामनराव