रोझीच्या झावळीचा क्रूस

२ मार्च, रविवार

मिस्सा संपताना फादरांनी जाहीर केलं, गेल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी नेलेल्या झावळ्या घरोघरच्या आणून द्या, बुधवारी कपाळाला लावायला राख लागणार. चर्चच्या दाराशी पोतं बांधलं. राख करायचं काम माझ्याकडे, यंदाचं एकोणिसावं वर्ष. लोक काय काय आणतात! एकीच्या झावळीला पालीची अंडी चिकटलेली. एकाने नाताळचं प्लास्टिकचं तोरण टाकलं, वर म्हणतो, हिरवंच आहे ना बाई. बालवाडीत माझ्याच हाताखाली शिकलेला. शिकवण्यात माझंच काहीतरी चुकलं असणार.

आमची झावळी मी देणार नाही. येशूच्या तसबिरीमागे खोचलेली आहे. झावळी कसली, छोटा क्रूस आहे, रोझीने विणलेला, मधोमध निळी लोकर बांधलेला. गेल्या वर्षी पायरीवर बसून एका दमात सहा विणले होते पोरीने. आज तिला जाऊन पाच महिने बावीस दिवस.

देवाला एक झावळी कमी पडली तर त्याचं काही अडत नाही. माझं अडतं.

४ मार्च, मंगळ.

राख झाली. पत्र्याच्या डब्यात जाळली, खलबत्त्यात कुटली, जुन्या मलमलीतून दोनदा चाळली. पाण्याचा थेंब नाही. पहिल्या वर्षी शहाणपणा करून पाणी घातलं होतं, अर्ध्या गावाच्या कपाळाला फोड आले. अजून चिडवतात.

जाळताना लोकर जळाल्याचा वास आला. कोण बावळट झावळीला लोकर बांधतं म्हणून मनात चिडले.

घरी आले. तसबिरीमागे काही नाही.

पास्कलला विचारलं. नवरा माझा, तीस वर्षांत कधी न सांगता काम केलं नाही, नेमकं हेच केलं. म्हणाला, "फादर बोलले ना सगळ्यांनी द्या. तू विसरली असशील म्हणून रविवारीच पोत्यात टाकली." एवढ्या साधेपणाने बोलला की मला वेड लागायची पाळी आली. खूप बोलले त्याला. तो ताट घेऊन ओट्यावर जाऊन बसला. जेवला नाही, नुसता बसला.

मी स्वतःच्या हाताने पेटवली. स्वतःच्या हाताने कुटली.

५ मार्च, राखेचा बुधवार

राखेची वाटी धरून फादरांच्या शेजारी उभी होते. दरवर्षी मीच धरते. माती आहेस, मातीला मिळशील. माती, मातीला. दोनशे कपाळं तरी झाली असतील. प्रत्येकावर थोडीथोडी रोझी. म्हाताऱ्या, कडेवरची पोरं, तो प्लास्टिकच्या तोरणाचा. मला ती सगळ्यांकडून परत मागून घ्यावीशी वाटत होती.

मग सायमन आला. लंगडत. डाव्या पायात सळी आहे त्याच्या. फादरांचा अंगठा वाटीत बुडाला, त्याच्या कपाळावर टेकला. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. मी बघितलं. हात पुढे करून ती राख पुसून टाकावी असं इतकं वाटलं की वाटी हलली, फादरांनी मनगट धरलं माझं.

रोझी त्याच्याच बाईकवर मागे बसली होती. जानेवारीत साखरपुडा करायचं ठरलं होतं त्यांचा. पुरण्याच्या दिवशी, चर्चच्या आवारात, सगळ्यांसमोर मी त्याला म्हणाले, माझी पोर तू मारलीस. तो कुबड्यांवर उभा होता. आमच्या घरापासून त्याचं घर चार घरं सोडून. तेव्हापासून शब्द नाही.

९ मार्च, रवि.

बायकांत चर्चा, यंदा उपवासकाळात, ईस्टरपर्यंत, कोण काय सोडणार. एकीने चहा सोडला, एकीने सिरियल. दरवर्षी मालिका सोडते आणि ईस्टरनंतर शेजारणीकडून सगळी गोष्ट ऐकून घेते. आमचा प. ताडी सोडतो. ऐन ताडीच्या दिवसांत सोडतो, हे मात्र मानलं पाहिजे त्याचं. मला विचारलं. साखर म्हणाले.

खरं काय सोडायला हवं ते मला माहीत आहे. लिहीत नाही.

१४ मार्च, शुक्र.

आज धुळवड. काल पाड्यावर होळी पेटली, आज सगळीकडे मटणाचा वास आणि ढोल. शेजारच्या वहिनींनी मटणाचा डबा भरून आणला, मग जीभ चावून म्हणाल्या, अगं तुमचा उपासाचा शुक्रवार ना. पुरणपोळी तेवढी ठेवून गेल्या. गोड. साखर सोडलेली. हसू आलं, किती दिवसांनी.

संध्याकाळी क्रुसाची वाट. लाकडी क्रूस आळीपाळीने उचलून चौदा ठिकाणी थांबत जायचं असतं. चौथं स्थान नेहमी मी वाचते, येशूला त्याची आई भेटते ते. मान वर केली तर क्रूस सायमनच्या खांद्यावर. चढ होता. पाय ओढत होता तो. कोणीतरी घ्यायला पुढे झालं, त्याने दिला नाही.

वाचता आलं नाही. चष्मा आणला नाही म्हणाले. चष्मा डोळ्यावरच होता. फादरांनी पुस्तक घेतलं.

२० मार्च, गुरु.

लिहिते. नाहीतर असंच चालू राहील.

८ सप्टेंबर, मारियामातेचा सण. त्या दिवशी नव्या भाताच्या लोंब्या वेदीवर ठेवून आशीर्वाद घ्यायचा. लोंब्यांची टोपली माझ्याकडे. आदल्या वर्षी टोपली उशिरा आली म्हणून बायका बोलल्या होत्या, ते मी वर्षभर डोक्यात ठेवलं. या वेळी बोलायला जागा ठेवायची नव्हती. सायमनच्या मामाचं शेत हायवेपलीकडे, रोझी आणि तो बाईकवर लोंब्या आणायला गेले. घंटा झाली तरी पत्ता नाही. मी फोन केला.

रोझी म्हणाली, निघालोय, पुलाखालून वळसा घालून येतो.

मी म्हणाले, वळसा कसला घालता, राँग साइडने या, पाच मिनिटांत पोचाल.

ती म्हणाली, बरं आई.

टेम्पो समोरून आला. लोंब्या रस्त्यावर पसरल्या होत्या असं नंतर लोक म्हणाले.

तिचा फोन फुटला. मी कोणाला सांगितलं नाही. प.ला नाही. पोलिसांनी विचारलं, राँग साइडला का घातली? सायमन म्हणाला, घाई होती. मी ऐकलं ते. आणि चार दिवसांनी आवारात जे बोलले ते बोलले. तो काही म्हणाला नाही, म्हणून मला वाटलं त्याला माहीतच नाही. बरं वाटलं होतं मला. हे पण लिहून ठेवते. बरं वाटलं होतं.

२८ मार्च, शुक्र.

पापनिवेदनाला गेले. गुडघे टेकले, जाळीपलीकडे फादरांचा कान. तोंड उघडलं आणि सांगितलं, उपवासात दोनदा चहात साखर घातली.

प्रायश्चित्त म्हणून तीन नमो मारिया म्हणायला सांगितल्या. म्हटल्या. घरी येऊन साखरेचा डबा धुवून उन्हात टाकला. डब्याची काय चूक.

३ एप्रिल, गुरु.

प.ला बोर्डीच्या वाडीत चिकू निवडायचं काम, सकाळच्या बसने जातो. आज परत आला तर हातात दोन चिकू, रुमालात बांधलेले. रोझीला द्यायचा तसे. दारात उभा राहिला, मग त्याला आठवलं. त्या झावळीवरून मी बोलले तेव्हापासून घरातली वस्तू हलवत नाही तो. रिकामा ग्लास उचलायचा तरी विचारतो. मी त्याला किती बोलले, आणि माझं त्याला काही माहीत नाही.

चिकू खाल्ले. एक त्याने, एक मी. गोड होता, पण वाडीतल्या गोडाला साखर म्हणत नाहीत असं तो म्हणाला.

११ एप्रिल, शुक्र.

परत गेले. यावेळी सगळं सांगितलं. फोन, टोपली, आवारातलं बोलणं, बरं वाटलेलं. आवाज बाहेर गेला असेल. जाऊ दे.

फादर वसईकडचे, पोरसवदा आहेत, माझ्या रोझीहून चार-पाच वर्षांनी मोठे. मला वाटलं, आता क्षमा वगैरे. क्षमा दिली. प्रार्थना एकही सांगितली नाही. एवढंच म्हणाले, "देवाने ऐकलं, बाई. पण आवारात तुम्ही देवाला बोलला नव्हतात."

राग आला. पोराएवढा माणूस. रस्ताभर त्यांच्याशी मनात भांडले आणि घरी आल्यावर कळलं, भांडायला मुद्दाच नाही माझ्याकडे.

१३ एप्रिल, झावळ्यांचा रविवार

झावळ्या नरपडच्या वाडीतून आल्या. सायमनच्या रिक्षातून. बाईक त्याने विकली. रिक्षाला डावा पाय लागत नाही, म्हणून रिक्षा.

पोरं क्रूस मागत होती. दरवर्षी रोझी विणायची, दुसऱ्या कोणाला येत नाही. मी आत फुलं लावत होते. बाहेर आले तर पायरीवर सायमन, भोवती पोरं, मांडीवर झावळीच्या पट्ट्या. विणत होता. मी थांबले.

रोझी डावरी होती. तिची गाठ उलटीकडे वळायची. सायमन उजव्या हाताचा, तरी गाठ तशीच उलटी घालत होता. तिने शिकवलं तसंच.

खांबाआड जाऊन रडले. आठ सप्टेंबरपासून अशी रडले नव्हते. फुलं तिथेच राहिली, दुसऱ्या कोणीतरी लावली. वाकडी लावली.

१७ एप्रिल, गुरु.

पाय धुण्याचा विधी. बारा जणांत प.चं नाव होतं. सकाळी दगडाने टाचा घासत बसला होता. फादर धुणारच आहेत, मग तू कशाला धुतोस, म्हटलं. म्हणाला, त्यांना घाण वाटायला नको.

मी गेले नाही. डोकं दुखतं म्हणाले. उद्या सांगायचं ठरवलंय. सायमनला आधी.

१८ एप्रिल, गुड फ्रायडे

दुपारच्या विधीआधी गेले. चार घरं. तो दारात रिक्षा पुसत होता. मला बघून उभा राहिला, फडकं हातातच.

उभ्यानेच सांगितलं. बसले असते तर बोलले नसते. म्हटलं, त्या दिवशी राँग साइडने या असं मी सांगितलं होतं, फोनवर. तू नाही मारलीस. मी.

तो म्हणाला, "मना माहीत होतं, मावशी. फोन स्पीकरवर होता."

सात महिने. कुबड्यांवर उभा राहून त्याने माझं सगळं ऐकून घेतलं. पोलिसांसमोर घाई होती म्हणाला. कोणाची, ते नाही म्हणाला.

विचारलं, मग बोलला का नाहीस.

फडकं पिळत राहिला. कोरडंच होतं. म्हणाला, "तुम्ही मना शिव्या घालत होत्या, म्हणून उभ्या तरी होत्या. तेव्हा सांगितलं असतं तर खाली बसल्या असत्या. परत उठल्या नसत्या." मग थोड्या वेळाने, "आणि गाडी मी चालवत होतो. मना ‘नाय’ म्हणता आलं असतं. तुमचं एकटीचं नाय ते."

मी माफी मागितली का? आठवत नाही. मागितली असेल. हात जोडले होते, एवढं आठवतं, आणि त्याने ते सोडवले.

रिक्षात काचेपाशी एक वाळका क्रूस. निळी लोकर. सहातला एक. त्याने तो पोत्यात टाकला नव्हता. माझ्यासारखंच. म्हणाला, तुमचा जळला ना, पास्कलकाकांनी सांगितलं, पारावर बसून रडत होते. काढून माझ्या हातात दिला. नको म्हटलं. तो म्हणाला, मना विणता येतो.

चर्चमध्ये क्रुसाचं चुंबन घ्यायला रांगेत तो माझ्या पुढे होता. गुडघा वाकत नाही त्याचा. मी दंडाला धरलं. सगळं गाव बघत होतं. बघू दे.

२० एप्रिल, ईस्टर

चाळीस दिवस म्हणत नाहीत ते आलेलुया सकाळच्या मिस्सेला परत सुरू झालं. माझा आवाज निघाला नाही. प.चा निघाला, नेहमीप्रमाणे सुराच्या बाहेर. येशू उठला. माझी नाही उठली. हे मी त्यालाच सांगितलं, वेदीकडे बघून, आणि त्याने ऐकून घेतलं असं वाटलं. रागावला नसावा.

घरी आलो. प.ने मटण स्वतः केलं, ताडीचा पहिला ग्लास भरून ठेवला. मग तसबीर पुसायला गेला. विचारून गेला, पुसू ना म्हणून. तिथेच थांबला.

क्रूस मी शुक्रवारीच खोचला होता, दोन दिवस त्याचं लक्ष नव्हतं.

काढला नाही. लोकरीला बोट लावलं नुसतं. म्हणाला, "ही मी टाकली होती ना? कुठून आली?" आवाज असा की जणू खरंच कोणी परत आलं असेल. मी म्हटलं, सायमनने दिली. "सायमनने? तू गेली होतीस?" आनंद झाला त्याला. खरा आनंद. म्हणाला, बरं केलंस, पोराची काय चूक होती. मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाला, "काय गं?"

जेवून घे, मग सांगते, म्हटलं.

जेवण झालं. त्याने भांडी घासली, मला घासू दिली नाहीत. ताडीचा ग्लास तसाच भरलेला आहे. ओट्यावर जाऊन बसलाय, शेजारी माझ्यासाठी चटई घातलीय. दोनदा हाक मारून झाली. आले म्हटलंय.